विजेच्या गाडीचा लगाम

मुंबईच्या रस्त्यांवर १८७४ साली घोड्यांची ट्रॅम सुरू झाली, तेव्हा गाडी हळू हाकावी की जलद, हा प्रश्न हाकणाऱ्याचा आणि घोड्याचा होता. लगाम खेचला की घोडे थांबत, सैल सोडला की चालू लागत. ७ मे १९०७ रोजी त्याच शहरात विजेची ट्रॅम धावू लागली आणि घोड्यांची जागा मोटरीने घेतली. ही मोटर दमत नव्हती, चंदी मागत नव्हती. परंतु तिला लगाम घालणे घोड्यापेक्षा पुष्कळच कठीण होते. गाडीच्या तोंडाशी उभा असलेला ट्रॅमवाला हातातील मूठ एकेक घर पुढे सरकवी आणि गाडी हिसके देत वेग घेई. त्या मुठीखालच्या पेटीत काय चालते, याची चौकशी उतारूंनी सहसा केली नाही. विजेने माणसाची कामे हलकी केली हे सर्वांस ठाऊक आहे. पण विजेच्या मोटरीला हवा तेवढाच वेग आणि हवे तेवढेच बळ देता यावे, यासाठी शंभर वर्षे खटपट करावी लागली, ही हकीकत त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे.

अडचण काय होती ती आधी सांगितली पाहिजे. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर, म्हणजे एकदिश प्रवाहावर चालणारी मोटर फिरू लागली की तिच्या पोटात विरुद्ध दिशेचा दाब उत्पन्न होतो, आणि हा उलट दाबच तिच्यात शिरणाऱ्या प्रवाहाला आवर घालतो. मोटर स्थिर असताना असा दाब मुळीच नसतो. अशा वेळी तारेचा पूर्ण दाब तिच्यावर सोडला तर इतका प्रवाह आत घुसेल की तारांची वेटोळी जळून जातील. म्हणून मोटरीच्या वाटेत लोखंडी रोधक घालीत, आणि वेग वाढेल तसतसा एकेक रोधक काढून घेत. मुठीचे एकेक घर म्हणजे एकेक रोधक. व्यवस्था भक्कम होती, कोणत्याही कारागिराला समजेल अशी होती. पण तिचा खर्च डोळ्यांआड होत असे. साध्या हिशेबाने पाहिले तर गाडी सुरू करताना तारेतून घेतलेल्या विजेपैकी निम्मी वीज गाडीला वेग देण्यात कामी येई आणि निम्मी रोधक तापविण्यात जाई. दोन मोटरी आधी एकीमागून एक जोडाव्यात आणि वेग आल्यावर शेजारी शेजारी जोडाव्यात, ही युक्ती निघाल्यावर नुकसान निम्म्यावरून एकतृतीयांशावर आले. त्यापुढे रोधकांची विद्या जाऊ शकली नाही.

या विद्येला शिस्त लावण्याचे श्रेय फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. १८८८ साली त्याने व्हर्जिनियातील रिचमंड शहरात विजेच्या ट्रॅमगाड्यांचे जाळे चालवून दाखविले, आणि पुढे १८९७ च्या सुमारास शिकागोच्या उन्नत लोहमार्गासाठी अशी योजना बसविली की पुष्कळ डब्यांखालच्या मोटरी एकाच चालकाच्या एका मुठीने हलाव्यात. चालकाच्या हातात फक्त बारीक प्रवाह. मोठ्या प्रवाहाची उघडझाप प्रत्येक डब्याखाली आपोआप व्हायची. जगातील बहुतेक विजेच्या उपनगरी गाड्या, मुंबईच्या लोकलसह, याच कल्पनेवर उभ्या आहेत.

हॅरी वॉर्ड लेनर्ड या दुसऱ्या अमेरिकनाने १८९१ साली निराळाच मार्ग दाखविला. मोटरीसाठी एक स्वतंत्र जनित्र ठेवावे, ते जनित्र दुसऱ्या मोटरीने फिरवावे, आणि जनित्राच्या चुंबकाचे बळ कमीजास्त करून हवा तो दाब निर्माण करावा. रोधकात जळून जाण्याचे नुकसान यात टळले, आणि लगामही असा नाजूक मिळाला की खाणीतील अजस्र पाळणे, कागदाच्या गिरण्या, मोठमोठ्या इमारतींचे उद्वाहक यांत ही पद्धत अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. परंतु एका मोटरीला हाकण्यासाठी आणखी दोन यंत्रे पाळावी लागत. हत्तीला अंकुश लावण्यासाठी आणखी दोन हत्ती ठेवण्यासारखाच हा प्रकार. राजवाड्याला ते परवडे, ट्रॅमला नव्हे.

इकडे याच सुमारास एक अशी मोटर जन्मास आली होती की जिच्यात बिघडण्यासारखे काही जवळजवळ नव्हतेच. उलटसुलट वाहणाऱ्या, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाने फिरते चुंबकक्षेत्र निर्माण करण्याची कल्पना इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८८ साली जगापुढे मांडली. जर्मनीत दोलिव्हो-दोब्रोवोल्स्की याने १८८९ मध्ये तिला पिंजऱ्याच्या आकाराच्या फिरत्या भागाची सुटसुटीत रचना दिली. एकदिश मोटरीत फिरत्या भागाला वीज पोचविण्यासाठी तांब्याच्या पट्ट्यांचे कडे आणि त्यावर घासणारे कोळशाचे ब्रश लागतात. ते झिजतात, ठिणग्या टाकतात, धुळीने माखतात. या नव्या मोटरीला ब्रश नाहीत, कडे नाही. खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ साली टाटांची जलविद्युत् मुंबईस येऊ लागली, तेव्हा कापडगिरण्यांनी वाफेची एंजिने काढून हीच मोटर बसवून घेतली. कारण गिरणीला सकाळपासून रात्रीपर्यंत एकच गती हवी असते.

आणि नेमका तोच या मोटरीचा दोष होता. तिची गती प्रवाहाच्या आंदोलनांशी बांधलेली असते. सेकंदास पन्नास आवर्तने आणि चार ध्रुव असतील तर चुंबकक्षेत्र मिनिटास १५०० फेरे घेणार, आणि मोटर त्याहून किंचित मागे राहून तितकेच फेरे घेणार. वेग बदलायचा तर आवर्तने बदलली पाहिजेत, आणि आवर्तने ठरतात दूरच्या वीजगृहात. हंगेरीतील कालमान कांडो याने १९०२ साली इटलीच्या व्हाल्तेल्लिना मार्गावर अशा मोटरींच्या गाड्या चालविल्या खऱ्या. पण त्यांना ठरलेले दोनतीन वेगच घेता येत, आणि मार्गावर एका तारेऐवजी दोन तारा ओढाव्या लागल्या. बर्लिनजवळ झोसेनच्या लष्करी मार्गावर १९०३ मध्ये याच जातीच्या मोटरींनी ताशी २१० किलोमीटरचा वेग गाठला. साऱ्या जगाने आश्चर्य केले आणि मग ती गाडी बाजूला ठेवून दिली. कारण तिच्यासाठी तीन तारा लागत, आणि रोज शंभर ठिकाणी थांबणाऱ्या, रखडणाऱ्या, पुन्हा निघणाऱ्या गाडीला असा ताठ स्वभावाचा घोडा उपयोगाचा नव्हता. उत्तम मोटर हाताशी असून लगाम नाही म्हणून ती वापरता येत नाही, ही स्थिती पुढे सत्तर वर्षे राहिली. यंत्रविद्येच्या इतिहासात इतकी दीर्घ प्रतीक्षा क्वचितच आढळते.

मुंबईने या प्रतीक्षेत आपला निर्णय घेतला तो एकदिश प्रवाहाच्या बाजूने, आणि त्या काळी तो शहाणपणाचाच होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदर ते कुर्ला या बंदरमार्गावरील पहिल्या विजेच्या गाडीचे उद्घाटन झाले. हिंदुस्थानातील ही पहिली विजेची आगगाडी. तारेतील दाब होता १५०० व्होल्ट. ५ जानेवारी १९२८ पासून बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने कुलाबा ते बोरिवली गाड्या विजेवर आणल्या. जी. आय. पी. रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्लीस स्वतःचे वीजगृह उभारले, आणि १९२९-३० मध्ये तारा बोरघाट चढून पुण्यास व थळघाट चढून इगतपुरीस पोचल्या. बोरघाटात सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. तेथे दोनदोन, तीनतीन वाफेची एंजिने धापा टाकीत जी मालगाडी नेत, ती आता स्विस घडणीची विजेची एंजिने नेऊ लागली. चाकांना जोडणारे दांडे पायांसारखे हलत, म्हणून रेल्वेच्या लोकांनी त्या एंजिनांना ‘खेकडा’ हे नाव दिले. १ जून १९३० पासून ‘दख्खनची राणी’ धावू लागली, आणि मुंबईत नोकरी करून पुण्यात बिऱ्हाड ठेवण्याची कल्पना प्रथमच शक्यतेच्या कोटीत आली.

परंतु लगाम तोच होता: रोधकांचा. पुढील ऐंशी वर्षे लोकल स्थानकातून निघे तेव्हा डब्याखालील रोधक तापत, आणि ती ऊन हवा फलाटावर उभ्या असलेल्यांच्या पायांना लागे. लोकलची स्थानके जवळजवळ. दोनतीन मिनिटांत पुन्हा थांबणे, पुन्हा निघणे. निघताना रोधकांत वीज जळे. थांबताना गाडीचा सारा वेग ब्रेकच्या ठोकळ्यांवर घासून उष्णतेत जाई. म्हणजे खोपोलीच्या धबधब्याने किंवा ठाकुर्लीच्या कोळशाने केलेल्या श्रमाचा मोठा वाटा केवळ लोखंड तापविण्यात खर्ची पडत होता. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मात्र विसरता कामा नये.

दुसऱ्या मार्गाची पहिली चाहूल लागली होती ती एका दिव्यातून. पीटर कूपर ह्यूइट हा अमेरिकन संशोधक पाऱ्याच्या वाफेचे दिवे करीत असता १९०२ साली त्याच्या ध्यानात आले की निर्वात काचपात्रात पाऱ्याचे डबके एका टोकाला आणि लोखंड किंवा कोळसा दुसऱ्या टोकाला ठेवला, तर प्रवाह पाऱ्याकडे जातो, पण पाऱ्याकडून उलट येत नाही. उलटसुलट प्रवाहाची एक बाजू अडवून धरणारी ही झडप होय. यापूर्वी प्रत्यावर्ती प्रवाहापासून एकदिश प्रवाह करण्यासाठी उपकेंद्रांत अवजड फिरती यंत्रे ठेवावी लागत. त्यांची घरघर, वंगण, ब्रश, पहारा सारे आले. पाऱ्याच्या पात्रात फिरणारे काहीच नव्हते. आत निळसर जांभळी प्रभा नाचत असे, आणि ज्यांनी अशी उपकेंद्रे पाहिली त्यांना ती प्रभा कायमची आठवत राहिली. क्वचित ही झडप दगा देई. प्रवाह उलटा फिरे आणि मोठा भडका होऊन संरक्षक कळा उघडत. तरीही फिरत्या यंत्रांचे युग तेथेच संपत आले.

याच्या पुढची पायरी अधिक महत्त्वाची. पाऱ्याच्या वाटेत जाळी ठेवून तिच्यावर योग्य क्षणी दाब दिला, तर प्रवाह कोणत्या क्षणी सुरू व्हावा हे ठरविता येते. दरवाजा लवकर उघडला तर अधिक वीज आत, उशिरा उघडला तर कमी. रोधक नको, दोन जादा यंत्रे नकोत. केवळ वेळ साधायची. या जातीच्या छोट्या नळ्यांना ‘थायराट्रॉन’ असे नाव मिळाले, ते दार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. हा ग्रीक शब्द आणि आपला ‘द्वार’ हे भाषेच्या नात्याने एकाच मुळाचे आहेत, हे येथे सहज सांगण्यासारखे आहे. विजेला अडवून तिची उष्णता करण्याऐवजी तिच्या वाटेतले दार क्षणोक्षणी उघडावे व मिटावे, या विचारातच पुढच्या साऱ्या विद्येचे बीज होते.

पारा मात्र नाजूक होता. हिसके बसले की डचमळे. धावत्या एंजिनात त्याला सांभाळणे म्हणजे भरली घागर डोक्यावर घेऊन डोंगर चढणे. फ्रान्सने १९५० च्या सुमारास साव्हॉय प्रांतात मोठ्या दाबाचा, नेहमीच्या पन्नास आवर्तनांचा प्रवाह सरळ तारेत सोडण्याचा प्रयोग यशस्वी केला, आणि १९५७ साली भारतीय रेल्वेनेही तोच मार्ग स्वीकारला. कारण उघड होते. तीन हजार किलोवॅटच्या गाडीला १५०० व्होल्टवर दोन हजार अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टवर अवघा एकशेवीस. तार बारीक, उपकेंद्रे दूरदूर, तांबे व पैसा वाचला. पण या पद्धतीत प्रवाह उलटून देणारे यंत्र एंजिनाच्या पोटातच न्यावे लागते. १९५९ साली आलेल्या आपल्या पहिल्या प्रत्यावर्ती एंजिनांत, ज्यांपैकी एकाला जगजीवनराम यांचे नाव दिले होते, पाऱ्याचीच पात्रे होती.

तोवर अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला होता, आणि दहा वर्षांनी, १९५७ साली, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अभियंत्यांनी सिलिकनच्या चार थरांची एक चकती तयार केली. पाऱ्याचे सारे काम ही बोटभर चकती करू लागली. थायराट्रॉन आणि ट्रान्झिस्टर या दोहोंच्या जोडनावावरून तिला ‘थायरिस्टर’ म्हणू लागले. पाऱ्याची पात्रे एकामागून एक निवृत्त झाली. तरी या चकतीला एक खोड होती: इशारा दिला की दार उघडे, पण मिटण्याचा इशारा ती मानत नसे. प्रत्यावर्ती प्रवाह क्षणोक्षणी शून्यावर येतोच, तेव्हा दार आपोआप मिटे. एकदिश प्रवाहात मात्र ते जबरदस्तीने मिटवावे लागे, आणि त्यासाठी संग्राहकांचा वेगळा पसारा मांडावा लागे. विल्यम मॅकमरे प्रभृतींनी १९६० नंतरच्या दशकात असे मंडल उभे करण्यात आपले कसब खर्ची घातले.

एवढा खटाटोप कशासाठी? त्या जुन्या, ब्रश नसलेल्या मोटरीसाठी. दार हवे तेव्हा उघडता व मिटता आले, तर एकदिश प्रवाहाचे बारीकमोठे तुकडे पाडून त्यांतून हव्या तितक्या आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह गाडीतच घडविता येतो. मग वेग वीजगृहात ठरत नाही, चालकाच्या मुठीत ठरतो. नळाची तोटी भरभर उघडूनमिटून पाण्याच्या धारेला लाटेचा आकार द्यावा, तसे हे आहे. पण वेग मिळाला तरी बळाचा प्रश्न उरलाच. एकदिश मोटरीत चुंबक निर्माण करणारा प्रवाह आणि बळ देणारा प्रवाह वेगवेगळ्या वेटोळ्यांतून नेता येतो. या मोटरीत दोन्ही एकाच तारेत मिसळलेले. जर्मनीत कार्ल हासे याने १९६९ च्या सुमारास आणि सीमेन्सच्या फेलिक्स ब्लाश्के याने १९७१-७२ मध्ये गणिताने हा नीरक्षीरविवेक करून दाखविला. फिरत्या क्षेत्राबरोबर आपणही फिरत आहोत अशी कल्पना करून पाहिले, की दोन्ही प्रवाह वेगळे दिसतात आणि वेगवेगळे हाकता येतात. या गणिताचा पाया रॉबर्ट पार्क याने १९२९ सालीच घातला होता. उणीव होती ती सेकंदात शेकडो वेळा ते गणित सोडविणाऱ्या यंत्राची, आणि सूक्ष्मसंगणकाने ती भरून काढली. १९७९ साली जर्मन रेल्वेची १२० या वर्गातील एंजिने अशा मोटरींवर रुळांवर आली. कांडोच्या इटलीतील गाड्यांनंतर सत्याहत्तर वर्षांनी!

दार मिटविण्याचा प्रश्न दोन टप्प्यांत सुटला. आधी इशाऱ्याने मिटणारे थायरिस्टर आले. मग १९८० नंतरच्या काही वर्षांत आय.जी.बी.टी. या नावाने ओळखला जाणारा नव्या जातीचा ट्रान्झिस्टर आला, जो अगदी अल्प इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडतो आणि तोडतो. त्याच्या जनकांत बी. जयंत बालिगा यांचे नाव अग्रभागी आहे. १९४८ साली मद्रासला जन्मलेले व तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९६९ साली पदवी घेतलेले हे अभियंते तेव्हा जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करीत होते. २०११ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांचा राष्ट्रीय पदकाने गौरव झाला. ज्या देशाने हा संशोधक दिला, त्या देशाच्या रेल्वेला ही विद्या विकत घ्यावी लागली, हा योग काहीसा खिन्न करणारा खराच. १९९३ साली ए.बी.बी. या कंपनीशी करार झाला, १९९५ पासून पहिली एंजिने आली, आणि चित्तरंजनच्या कारखान्याने १९९८ साली मालगाडीचे आपले पहिले तशा जातीचे एंजिन बाहेर काढले. त्याचे नाव ‘नवयुग’. पैसे देऊन विद्या घेतली यात कमीपणा नाही. ती घेऊन कारखान्यात मुरविली, हे अधिक मोलाचे.

मुंबईचा प्रश्न याहून अवघड होता. १९२५ ची व्यवस्था शहराच्या हाडामांसात भिनलेली. लाखो माणसे तीवरून रोज ये-जा करतात. ती थांबवून बदलण्यास मुभा नव्हती. म्हणून दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या आधी आणाव्या लागल्या. जागतिक बँकेच्या कर्जातून घेतलेल्या, सीमेन्सची विद्युत्सामग्री असलेल्या नव्या लोकल नोव्हेंबर २००७ पासून धावू लागल्या, आणि मग तारा मार्गामार्गाने बदलल्या. चर्चगेट-विरार मार्ग २०१२ च्या फेब्रुवारीत, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ च्या जूनमध्ये. वाढलेल्या दाबाला तार व पूल यांमध्ये अधिक अंतर लागते. जुने पूल बुटके. सँडहर्स्ट रोडचा १८७९ सालचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडावा लागला, आणि नवा पूल खुला होण्यास २०२२ साल उजाडले. मधल्या काळात दोन्ही बाजूंच्या रहिवाशांना वळसे घालावे लागले, शाळकरी मुलांनासुद्धा. विजेच्या बचतीच्या हिशेबात हे वळसे कोणी मांडल्याचे दिसत नाही.

बचत मात्र खरी आहे. नवी लोकल थांबू लागली की तिच्या मोटरी जनित्रे बनतात आणि गाडीचा वेग विजेच्या रूपाने तारेत परत जातो. ती वीज मागून येणारी दुसरी गाडी वापरते. रेल्वेच्या सांगण्याप्रमाणे यामुळे सुमारे तीस टक्के वीज वाचते. फलाटावरच्या लोकांच्या पायांना आता ती ऊन झळ लागत नाही. त्याऐवजी गाडी निघताना चढत जाणारा एक सूर ऐकू येतो, सतारीची तार पिळावी तसा. हा सूर म्हणजे सिलिकनची दारे सेकंदास शेकडो वेळा उघडमीट करीत असल्याचा आवाज. झोसेनच्या मार्गावर बाजूला ठेवलेली ती बिनब्रशची मोटर लोकलच्या डब्याखाली त्या सुराबरोबर फिरू लागते.

बंदरमार्ग सर्वांत शेवटी बदलला. एकदिश प्रवाहावरील अखेरची लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून निघाली आणि बोरीबंदरास पोचली. एक्याण्णव वर्षांपूर्वी पहिली गाडी बोरीबंदराहून निघून कुर्ल्यास गेली होती.